अगोदर कोण, नंतर कोण? : दिनगणना आणि तौलनिक साहित्याभ्यास

भारतीय भाषांतील वाङ्मयाचा तौलनिक अभ्यास करणाऱ्यांत एक विचित्र उदासीनता आढळते. पाठभेदांविषयी आपण काटेकोर असतो. एखाद्या शब्दाच्या व्युत्पत्तीवरून परिसंवाद रंगतात. परंतु ग्रंथाच्या शेवटी कवीने वा लेखनिकाने दिलेली मिती इसवी सनात आणताना मात्र ७८ मिळविणे किंवा ५७ वजा करणे एवढ्यावर आपण समाधान मानतो. तिथी, पक्ष, वार हा तपशील ज्योतिष्यांचा, साहित्याच्या अभ्यासकाला त्याचे काय, असा एक अव्यक्त समज या उदासीनतेच्या मुळाशी आहे. हा समज चुकीचा आहे, एवढेच नव्हे तर आपल्या विद्याशाखेच्या पायालाच तो बाधक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. एका भाषेतील कृतीचा दुसऱ्या भाषेतील कृतीवर प्रभाव पडला असे म्हणण्यापूर्वी पहिली अगोदरची आणि दुसरी नंतरची हे सिद्ध व्हावे लागते. 'अगोदर' आणि 'नंतर' हे दोन शब्द वगळले तर प्रभावाभ्यासात उरते ते केवळ साम्यदर्शन.

हे मत मला पुस्तकातून सुचलेले नाही. ते एका फजितीतून आलेले आहे. काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात मी एका मराठी आणि एका गुजराती आख्यानकाव्याची तुलना मांडली होती. दोन्ही काव्ये सामान्य प्रतीची, दोघांचेही कर्ते अल्पख्यात; पण कथेतील एक वळण दोहोंत सारखेच होते. गुजराती काव्य आषाढातले, मराठी त्यानंतरच्या माघातले. अर्थात गुजराती काव्य सात महिन्यांनी आधीचे आणि मराठी कवी त्याचा ऋणी, असे माझे प्रतिपादन होते. निबंध संपल्यावर मागच्या रांगेतील एका वयोवृद्ध अभ्यासकांनी एकच प्रश्न विचारला : "हा संवत् चैत्रादी की कार्तिकादी?" मी संवतातून सरसकट ५७ वजा केले होते. उत्तरेकडील चैत्रादी संवताला आषाढात ते लागू पडते. गुजरातेतील संवत् कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलतो. त्यामुळे चैत्रापासून आश्विन अखेरपर्यंत त्याचा आकडा चैत्रादी संवताहून एकाने कमी असतो, आणि त्या काळात ५६ वजा करावे लागतात. गुजराती काव्य एका वर्षाने पुढे सरकले. ते मराठी काव्याच्या सात महिने अगोदरचे नव्हे, तर पाच महिने नंतरचे ठरले. जो ऋणको तो धनको झाला, आणि माझ्या निबंधातील विवेचनाची वीस पाने एका अंकाच्या फरकाने कोसळली. त्या गृहस्थांनी पुढे काही म्हटले नाही. म्हणावयास काही उरलेही नव्हते.

असे प्रसंग केवळ नवख्यांवर येतात असे मानण्याचे कारण नाही. आपल्या देशात कालगणनेच्या पद्धती अनेक, आणि प्रत्येक भाषेच्या अभ्यासकाला आपली पद्धती म्हणजेच सर्वांची पद्धती असे वाटत असते. मराठी माणसाचा महिना अमावास्येला संपतो. हिंदी प्रदेशात तो पौर्णिमेला संपतो. आपण श्रावण वद्य अष्टमीला कृष्णजन्म साजरा करतो, तोच दिवस काशीत भाद्रपद कृष्ण अष्टमी असतो. शुद्ध पक्षात दोहोंचा मेळ बसतो, वद्य पक्षात महिन्याचे नावच बदलते. केरळात कोल्लम वर्ष सौर मासांनी चालते, बंगालात बंगाब्द. मराठेशाहीच्या दप्तरात याखेरीज सुहूर सन आहे. त्याचे वर्ष मृगाला बदलते, आकडे अरबी शब्दांत लिहिलेले असतात, आणि शेजारी 'छ' या अक्षराने दर्शविलेला मुसलमानी चांद्र महिन्यातला दिवस असतो. दोन भाषांमधील कृतींची तुलना करणारा अभ्यासक या साऱ्यांच्या मध्ये उभा असतो. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आशय नेताना जी जबाबदारी अनुवादकावर असते, तीच एका कालगणनेतून दुसरीत दिवस नेताना अभ्यासकावर असते. पण अनुवादातील चुकीवर आपण टीकालेख लिहितो, मितीच्या चुकीला 'मुद्रणदोष' म्हणून सोडून देतो.

एक सर्वपरिचित उदाहरण घेऊ. जेधे शकावली ही लोकमान्य टिळकांमुळे उजेडात आली. तीत शिवाजीमहाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य ३, शुक्रवार असा दिला आहे. परमानंदाच्या 'शिवभारता'तील मितीही हाच शक, मास आणि तिथी सांगते. शकात ७८ मिळविले की १६२९ येतात. पण फाल्गुन हा इंग्रजी वर्ष उलटल्यानंतरचा महिना, म्हणून येथे ७९ मिळवावे लागतात आणि उत्तर १६३० येते. तो दिवस जुन्या, म्हणजे ज्युलियन, गणनेने १९ फेब्रुवारी १६३०. पोर्तुगालने १५८२ मध्येच सुधारलेली ग्रेगोरियन गणना स्वीकारली होती. त्यामुळे गोव्यातील पोर्तुगीज कारकुनाच्या वहीत तोच दिवस १ मार्च १६३० पडला असता. सुरतेच्या वखारीतील इंग्रज मात्र जुनी गणना पाळत होता आणि त्याचे वर्ष २५ मार्चला बदलत होते; त्याने १९ फेब्रुवारी १६२९ असे लिहिले असते. आणि उत्तरेकडील एखाद्या पंडिताने तीच मिती संवत् १६८६, चैत्र कृष्ण ३ अशी नोंदविली असती. महिना चैत्र, पण वर्ष अद्याप जुनेच, कारण तिकडे संवत् चैत्राच्या शुद्ध प्रतिपदेला बदलतो. एक दिवस, चार नोंदी. चौघांपैकी एकही चुकीचा नाही. चूक होते ती या चौघांना एकमेकांशेजारी बसवून फक्त आकडे ताडून पाहणाऱ्याची.

यावर उपाय काय? उपाय आपल्याच परंपरेत आहे. आपल्या ज्योतिर्गणिताने वर्ष, महिना, तिथी यांच्या गुंत्यातून बाहेर पडण्यासाठी एक अत्यंत सरळ साधन शोधले : अहर्गण, म्हणजे एका ठरलेल्या आरंभापासून उलटलेल्या दिवसांची सलग मोजणी. सिद्धांतग्रंथांत हा आरंभ कलियुगाचा, म्हणजे ज्युलियन गणनेने इसवी सनापूर्वी ३१०२ च्या १८ फेब्रुवारीचा, शुक्रवारचा. एवढे मोठे आकडे नित्याच्या गणितास अवघड म्हणून करणग्रंथांनी जवळचा आरंभ घेतला. कोकणातील नंदिग्रामच्या गणेश दैवज्ञाने 'ग्रहलाघवा'त शके १४४२ हा आरंभ धरला आणि ११ वर्षांचे एक चक्र कल्पून दर चक्रास ४०१६ दिवस दिले. त्यामुळे गणकाला हाताळावा लागणारा अहर्गण चार हजारांच्या आसपासच राहतो. या रीतीत आणखी एक शहाणपण आहे. अहर्गण काढल्यावर त्याला सातांनी भागून वार जुळतो की नाही हे पाहावयाचे, आणि न जुळल्यास एक दिवस मिळवावयाचा किंवा वजा करावयाचा. म्हणजे पडताळा हा गणिताचाच भाग आहे. युरोपातही स्कालिजर याने १५८३ मध्ये मांडलेल्या ज्युलियन कालखंडाच्या आधारे पुढे खगोलशास्त्रज्ञांनी दिवसांची सलग मोजणी स्वीकारली. आरंभ वेगळा, तत्त्व एकच.

दिवस मोजण्याचा हा व्यवहार केवळ पंचांगकर्त्यांचा नव्हता, तो कवींचाही होता, हे आपण विसरतो. केरळात मेल्पत्तूर नारायण भट्टतिरी यांनी गुरुवायूरच्या देवासमोर शंभर दशकांचे 'नारायणीयम्' रचले. त्याच्या अखेरच्या श्लोकातील शेवटचे पद दीर्घायुष्य, आरोग्य आणि सौख्य यांचा आशीर्वाद मागते. कटपयादि पद्धतीने त्या पदातील अक्षरांचे अंक मांडून उजवीकडून डावीकडे वाचले की १७१२२१० ही संख्या मिळते. ही संख्या वर्षाची नव्हे. ती कलीच्या दिवसाची आहे. कवीने आपले काव्य कोणत्या साली संपले हे सांगितले नाही, कितव्या दिवशी संपले हे सांगितले. आशीर्वाद आणि दिनांक एकाच पदात वसतात. भक्ताला आशीर्वाद ऐकू येतो, गणकाला दिवस.

आता या कृतीचा काळ आपल्या पुस्तकांत कसा दिला जातो ते पाहा. कोल्लम वर्ष ७६२, वृश्चिक मास ही परंपरागत मिती. कोल्लम वर्षात ८२५ मिळवावयाचे हा ठोकताळा लावला की १५८७ येते, आणि कोठे कोठे तेच वर्ष छापलेले दिसते. परंतु कोल्लम वर्षाचा आरंभ ऑगस्टच्या मध्यानंतर होतो, आणि वृश्चिक मास नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमाराचा. तेव्हा मिळवावयाचे ८२४, आणि वर्ष १५८६. हा वाद ठोकताळ्यांनी मिटत नसेल तर कवीनेच दिलेली संख्या घ्यावी. कलीचा पहिला दिवस शुक्रवार. १७१२२१० ला ७ ने भागले असता बाकी ३ उरते. म्हणजे शुक्रवारपासून तिसरा, रविवार. तो दिवस येतो २७ नोव्हेंबर १५८६, ज्युलियन. कलीचा पहिला दिवस 'एक' न धरता 'शून्य' धरला तर उत्तर २८ नोव्हेंबर, सोमवार असे येते. आरंभाचा दिवस मोजावयाचा की नाही, हा या विद्येतील नेहमीचा प्रश्न, आणि त्याचा निकाल वारावरूनच लागतो. पण काहीही केले तरी १५८७ येत नाही. कवीने चारशेहून अधिक वर्षांपूर्वी दिवसासह सांगितलेली गोष्ट आपण एका वर्षाने चुकवावी, याला काय म्हणावे?

सलग दिनांकाचा खरा उपयोग येथे ध्यानात येतो. वर दिलेल्या मोजणीने ज्ञानेश्वरांच्या समाधीचा दिवस, शके १२१८ कार्तिक वद्य १३, म्हणजे २५ ऑक्टोबर १२९६, हा कलीचा १६०६२५५ वा दिवस. सातांनी भागल्यास बाकी शून्य, वार गुरुवार. 'नारायणीयम्'ची समाप्ती १७१२२१० व्या दिवशी. शिवराज्याभिषेक, शके १५९६ ज्येष्ठ शुद्ध १३, म्हणजे ६ जून १६७४, हा १७४४१७८ वा दिवस. बाकी २, वार शनिवार. शक, कोल्लम आणि इसवी यांपैकी कशाचीही मध्यस्थी न लागता मराठी आणि मलयाळम् भाषांतील घटना एका रेषेवर येतात. पहिल्यापासून दुसरीपर्यंत १०५९५५ दिवस, दुसरीपासून तिसरीपर्यंत ३१९६८. येथे अगोदर-नंतरचा वाद संभवतच नाही. वजाबाकी त्याचा निवाडा करते.

पडताळ्याचे बळही याच रीतीत आहे. शिवजन्माच्या वर दिलेल्या दिवसापासून राज्याभिषेकापर्यंत १६१७८ दिवस होतात. सातांनी भागता बाकी १. शुक्रवारनंतरचा एक दिवस शनिवार, आणि राज्याभिषेक शनिवारचाच. चांद्रमासाचे मध्यम मान सुमारे २९.५३ दिवस, ५४७ महिने वजा करता सुमारे पावणेपंचवीस दिवस, म्हणजे सुमारे पंचवीस तिथी उरतात. वद्य तृतीया ही पौर्णिमेनंतरची तिसरी, म्हणजे महिन्यातील अठरावी तिथी; अठरा आणि पंचवीस त्रेचाळीस, त्यातून तीस गेल्यावर तेरा : शुद्ध त्रयोदशी. वार जुळला, तिथी जुळली. दोन स्वतंत्र नोंदी एकमेकींची साक्ष देतात. आता कोणी पहिली तारीख ज्युलियन आणि दुसरी ग्रेगोरियन, म्हणजे १६ जून, अशी घेऊन दोहोंना एकाच गणनेतील मानले, तर दिवस १६१८८ होतात, बाकी ४ उरते आणि राज्याभिषेक मंगळवारी पडतो. चूक स्वतःच बोलून दाखविते. सनावळीच्या कोष्टकातील नुसते वर्ष अशी साक्ष कधीच देत नाही.

या मताला दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की साहित्य म्हणजे दप्तर नव्हे. कृतीचे मूल्य तिच्या तारखेवर ठरत नाही. हे खरे आहे, आणि ते मला मान्यही आहे. पण मूल्य आणि संबंध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'नारायणीयम्'ची थोरवी त्याच्या दिनांकात नाही. परंतु भारतीय भक्तिकाव्याच्या इतिहासात ते कोणाच्या शेजारी ठेवावयाचे हे मात्र दिनांकाशिवाय ठरत नाही. आणि ज्या कवीने दिनांकच काव्यात गुंफला, त्याच्या बाबतीत तो न वाचणे म्हणजे काव्यच अर्धे वाचणे होय.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तिथी ही केवळ काळाची खूण नसून ती लोकांच्या स्मृतीचे घर आहे. देहूला लोक जातात ते तुकाराम बीजेला, फाल्गुन वद्य द्वितीयेला. आळंदीला जमतात ते कार्तिक वद्य त्रयोदशीला. त्यांना दिनसंख्या सांगून काय उपयोग? काहीच नाही, आणि सांगूही नये. वारकऱ्याचा दिवस आणि इतिहासकाराचा दिवस यांची कामे भिन्न आहेत. गोंधळ होतो तो एकाचे काम दुसऱ्यावर सोपविले की. २०२३ मध्ये राज्याभिषेकाचा सोहळा रायगडावर तिथीने २ जूनला आणि तारखेने ६ जूनला झाला. यांपैकी तिथी ही मूळ नोंदीशी प्रामाणिक आहे. तारीख मात्र ज्युलियन गणनेतली. ती आजच्या ग्रेगोरियन दिनदर्शिकेत जशीच्या तशी उचलून ठेवली आहे. सौर वर्षाच्या हिशेबाने तिचे स्थान १६ जून. महाराष्ट्र शासनाने शिवजयंतीसाठी स्वीकारलेल्या १९ फेब्रुवारीचेही तेच. उत्सवात याने काही बिघडत नाही. उत्सवाचा दिवस समाज ठरवतो. पण अभ्यासकाने तो दिवस पुरावा म्हणून वापरू नये, आणि मूळ मिती तर कधीही हरवू देऊ नये.

संगणकामुळे हा प्रश्न सुटला असेही कोणी म्हणेल. मोजणीचे कष्ट कमी झाले, यात शंका नाही. स्वामिकन्नू पिल्लै यांची जाडजूड कोष्टके चाळीत बसण्याचे दिवस मागे पडले. पण यंत्र दिलेल्या गृहीतावर चालते. तारखांचा हिशेब करणारी प्रचलित साधने पुष्कळदा १५८२ पूर्वीही ग्रेगोरियन गणनाच चालवितात, आणि तसे ठळकपणे सांगत नाहीत. कार्यालयांतून सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका कोष्टक-प्रणालीत तर १९०० हे वर्ष, लीप वर्ष नसताना, तसे धरलेले आहे. राष्ट्रीय दिनदर्शिकेने आणखी एक भर घातली. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून ती अमलात आली. तिचे वर्ष शकाचेच, महिन्यांची नावे चैत्र-वैशाखच, पण महिने सौर. भावी संशोधकापुढे '१० वैशाख, शके १९१०' अशी नोंद आली तर ती शुद्ध दशमी की राष्ट्रीय दिनांक, हे त्याने कशावरून ओळखावे? आज आपण नीट लिहिले नाही तर उद्याच्या चुकांचे जनक आपण असू.

म्हणून माझी विनंती मोठी नाही. भारतीय भाषांना वाहिलेल्या नियतकालिकांनी आणि विद्यापीठांच्या संशोधन-मंडळांनी काही साधे नियम पाळावेत. मूळ मिती कृतीत जशी आहे तशी, तिच्याच शब्दांत, प्रथम द्यावी. शक वा संवत् कोणता, वर्ष गत की वर्तमान, आरंभ चैत्रादी की कार्तिकादी, मास अमान्त की पूर्णिमान्त, हे सांगावे. वार दिलेला असेल तर तो जुळवून पाहिल्याखेरीज रूपांतर छापू नये. जुळत नसेल तर तसे नमूद करावे. इंग्रजी अमलात सप्टेंबर १७५२ मध्ये २ तारखेनंतर एकदम १४ तारीख आली. त्यापूर्वीच्या इंग्रजी नोंदींपुढे जुनी गणना की नवी, हे लिहावे. दोन भाषांतील कृतींच्या पौर्वापर्यावर काही प्रतिपादन आधारलेले असेल, तर दोहोंची दिनसंख्या द्यावी. आणि जेथे महिनाच दिलेला नाही, तेथे खोटी निश्चिती मिरवू नये. 'ज्ञानेश्वरी'त शके १२१२ आहे, महिना नाही, तेव्हा 'इ. स. १२९०' असे लिहिणे म्हणजे ग्रंथाने न सांगितलेले सांगणे. '१२९०-९१' हेच प्रामाणिक उत्तर.

मराठी अभ्यासकांवर ही जबाबदारी थोडी अधिक आहे, असे मला वाटते. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला आणि सेवेल यांच्या सहकार्याने भारतीय पंचांगावरील इंग्रजी ग्रंथ १८९६ मध्ये सिद्ध केला, ग. ह. खरे यांच्यासारख्या संशोधकांनी शिवकालीन कागदांच्या मित्या जुळविण्यात आयुष्य वेचले. ही परंपरा इतिहास-संशोधकांच्या दालनात राहिली. साहित्याच्या वर्गात ती आली नाही. मी सध्या जेथे शिकवितो तेथे एकाच वर्गात मल्याळी, गुजराती, बंगाली आणि हिंदी भाषक विद्यार्थी बसतात. सत्राच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांना आपल्या आजीच्या वा आजोबांच्या जन्माची घरी सांगितली जाणारी मिती आणावयास सांगतो आणि ती कलीच्या दिवसांत मांडावयास लावतो. कोणाकडे कोल्लम वर्ष असते, कोणाकडे कार्तिकादी संवत्, कोणाकडे बंगाब्द. तासाच्या अखेरीस फळ्यावर फक्त सात-सात अंकी संख्या उरतात, आणि कोणाची आजी कोणाच्या आजीहून किती दिवसांनी मोठी हे प्रत्येकाला सांगता येते. त्यानंतर पुढच्या तासाला आम्ही ग्रंथांकडे वळतो.